आधाराची खुर्ची

माणूस पडू नये याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे त्याला उठू न देणं. या तत्त्वावर त्या शुश्रूषागृहाचा कारभार उत्तम चालला होता. तिथल्या मेट्रनबाईंना ‘बांधणे’ या शब्दाची भारी चीड. त्यांच्याकडे कुणाला बांधत नसत, ‘आधार’ देत. दाराला कुलूप नव्हतं, ‘निवांतपणा’ होता. (खिडक्यांनाही होता.) गुंगीची गोळी तर कुणालाच देत नसत, पेशंटची ‘समजूत’ काढत. ती पाण्याबरोबर निघे.

एकदा नव्या नर्सेसना शिकवायला बाई स्वतः वॉर्डातल्या एका आधाराच्या खुर्चीत बसल्या. पुढची फळी लावून घेत म्हणाल्या, “बघा, किती आरामशीर!” तेवढ्यात खाली तपासणीला साहेब आल्याची वर्दी आली आणि सगळ्याजणी धावल्या. फळीचा खटका खुर्चीच्या पाठीमागे. पेशंटचा हात पोचू नये म्हणून बाईंनीच तो तिथे बसवून घेतला होता.

आधी बाईंना हसू आलं. मग त्यांनी हाका मारल्या. बाहेरून जाणारी आया आत न बघताच “हो हो आजी, आलेच हं,” म्हणत निघून गेली. इतकं गोड बोलायचं वळण तिला बाईंनीच लावलं होतं. बाथरूमची निकड लागली तसा बाईंचा आवाज चढला.

“ओरडू नका,” शेजारच्या खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर हळूच म्हणाले. “ओरडलं की समजूत काढतात.”

“अहो, पण मला खरंच जायचंय!”

“मलाही जायचं असतं. लाज काय, पहिल्यांदाच वाटते.”

आपण इथल्या मेट्रन आहोत हे ठणकावून सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडच्या आजी आपण शाळेच्या हेडबाई असल्याचं रोज सांगत. बाईंनी त्यांना भ्रमाचं औषध सुरू केलं होतं. (आजी खरोखरच हेडबाई होत्या.)

सुटका झाली, पण जरा उशिरा. बाई कपडे बदलून परत आल्या, पोस्टमास्तरांची फळी काढली आणि दंडाला धरून त्यांना स्वतः बाथरूमपर्यंत नेलं. वाटेत त्यांचा तोल जात होता, पण स्वारी भलतीच खुशीत होती.

रविवारी पोस्टमास्तरांचा मुलगा आला. वडील खिडकीशी उभे बघून उडालाच. “बाबांना मोकळं सोडलंत? पडले म्हणजे?”

“धरायला आम्ही आहोत की.”

“नको, मला घोर लागतो. तुम्ही त्यांना बांधाच.”

त्या वास्तूत हा शब्द इतक्या स्पष्टपणे प्रथमच उच्चारला गेला. बाईंना मुलाचा राग आला नाही. मुलगा चांगला होता, मायाळू होता. ही गोष्ट वाचताना तुम्ही हळहळलात ना? तोही हळहळला असता.