दादाने जहाज नापास केलं

डॉक्टरांनी दादाला आठ दिवस दिले आणि दादाने ते तसेच्या तसे धाकट्या भावाच्या हवाली केले.

"बाळ्या, कपाटावर खोकं आहे. उतरव," दादा अंथरुणातून म्हणाला. एवढ्या वाक्यात त्याने दोनदा दम खाल्ला.

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता. स्टुलावर चढून त्याने खोकं उतरवलं, चार वेळा शिंकला आणि झाकण उघडलं. झाकणावर एका लांबलचक अंतराळयानाचं चित्र, आत राखाडी प्लॅस्टिकचे चारशे बारा तुकडे. दादाने ते निवृत्तीनंतर जोडायला म्हणून घेऊन ठेवलं होतं. निवृत्ती आली, पण तिच्या मागोमाग फुप्फुसांनी संप पुकारला आणि हात असे थरथरायला लागले की चहा कपातून बशीत आपोआप पडायचा.

"जोड, रंगव, आत दिवे बसव. सगळ्या खिडक्या उजळल्या पाहिजेत. बघतो आणि जातो."

"कुठे जातोस?"

"मग काय कायमचा इथेच पडून राहू?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पदराचं टोक तोंडाशी धरून आत निघून गेल्या.

दादा कोण होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादा लिफ्ट इन्स्पेक्टर होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही लिफ्ट पहिल्या खेपेला पास केली नाही. खोटं वाटेल, पण त्याच्या हद्दीतल्या इमारतींमधले म्हातारे जिने चढून चढून इतके काटक झाले होते की लिफ्ट पास झाल्यावरही ते तिच्यात पाऊल ठेवत नसत. घरातही तोच खाक्या. धाकट्याचं शाळेतलं चित्र नापास, मिशी नापास, लग्नाचा सूट नापास. धाकटा दातांच्या कवळ्या बनवायला शिकला, तेव्हा पहिली कवळी मोठ्या हौसेने दादाला दाखवायला घेऊन गेला. दादाने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "उजवीकडची दाढ आळशी वाटते."

म्हणून खोकं काखेत मारून निघताना धाकट्याच्या मनात एकच होतं. दादा जाणार, ते काही आपल्या हातात नाही. पण जायच्या आधी त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'पास' हा शब्द ऐकायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने कवळ्यांचे साचे बाजूला सारले आणि कामाला लागला. बारीक काम हाताच्या सवयीचं होतं. तुकडे कापले, घासले, जोडले, मोहरीएवढे दिवे पोटात ओवले, वायरी शेपटाकडून बाहेर काढल्या. रंग तर त्याने जीव ओतून दिला. पातळ, अगदी पातळ, एकावर एक सात हात. चौथ्या दिवशी खोलीचे पडदे ओढून त्याने जहाज दादाच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही वायरी बॅटरीला टेकवल्या.

जहाज उजळलं. खिडक्या उजळल्या, भिंती उजळल्या, पोट उजळलं, पाठ उजळली. नाकापासून शेपटापर्यंत अख्खं जहाज आतून दुधी, ओलसर, निरोगी चमकायला लागलं.

दादाने डोळे बारीक केले.

"बाळ्या, हे दात काढतंय."

धाकट्याने बघितलं आणि कपाळावर हात मारला. जहाजाची भिंत उजेड अडवण्यासाठी असते. आतून आधी काळा रंग द्यायचा, मग दिवे, मग जोडणी. हे कुणालाही सुचलं असतं. पण ह्या माणसाने तीस वर्षं एकच गोष्ट साधली होती, उजेड आत झिरपला पाहिजे, नाहीतर दात मेलेला दिसतो. त्याने आयुष्यभराचं कसब पणाला लावून चाळीस सेंटीमीटर लांबीचा एक पुढचा दात बनवला होता.

"नापास," दादा म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा उशीला टेकून नीट बसला. "उघड परत."

उघडताना जहाज कण्यातून तडकलं. आतून काळा रंग दिला, तर तो खिडक्यांवरही बसला. मग चौसष्ट खिडक्या सुईने एकेक करून कोरल्या. हे सगळं होईतो सातवा दिवस उजाडला. पाठीवरची फट बुजवायला पुट्टी नव्हती आणि दुकानात जाऊन आणण्याइतका वेळ नव्हता. दादाच्या वेळापत्रकात एकच दिवस शिल्लक होता. धाकट्याने हाताशी होतं ते कालवलं आणि फटीत भरलं.

आठव्या दिवशी डॉक्टर आले ते चेहरा तयार करूनच आले. दारातच त्यांनी चपला काढल्या, वहिनींसमोर मान खाली घातली आणि म्हणाले, "धीर धरा. कधी झालं?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "ह्या फटीत हे गुलाबी काय भरलंयस? जहाजाला हिरड्या कशाला?"

"दादा, पुट्टी संपली होती."

"तुझ्या बापाने बुजवल्या होत्या अशा फटी?"

"माझा आणि तुझा एकच होता."

डॉक्टरांनी चपला परत पायात घातल्या, परत काढल्या, आत गेले, नाडी बघितली, स्टेथोस्कोप छातीला लावला. बाहेर येऊन ते वहिनींना जरा घुश्श्यातच म्हणाले, "तसं पाहिलं तर फरक काहीच नाही. फुप्फुसं संपलेलीच आहेत. आणखी फार तर आठ दिवस." आपला शब्द मोडल्याचं त्यांना लागलेलं दिसत होतं.

पुढच्या आठ दिवसांत जहाज तीनदा नापास झालं.

गुलाबी खरवडून पाठ राखाडी केली, तर दादा म्हणाला, "हे काल कारखान्यातून निघाल्यासारखं दिसतं. इतकी वर्षं अंतराळात हिंडलंय ना? मळव." मळवणं धाकट्याला अवघड नव्हतं. लोकांच्या कवळ्यांवरचे डाग त्याने आयुष्यभर घासले होते. कुठला चहाचा, कुठला तंबाखूचा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने जहाजाला वीस वर्षं तंबाखू चघळणाऱ्याचा मळ चढवला, नेमका पुढच्या बाजूने, जिथे तो कवळीवर चढतो तिथे.

"इंजिन मागे, धूर मागे, आणि काजळी नाकावर? उलटं चालतं का जहाज? नापास."

काजळी मागे गेली. मग दादाला आठवलं की आत माणसं आहेत. "समजा, मधेच बंद पडलं. माणसं अडकली. बाहेर कुठून यायचं?"

"दादा, बाहेर अंतराळ आहे. बाहेर येऊन करणार काय?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. संकटकाळी बाहेर पडायचा रस्ता नसेल तर मी सही करत नाही."

धाकट्याने दात कोरायच्या यंत्राने जहाजाच्या कुशीत तांदळाएवढं दार कोरलं. दुकानात एक निवृत्त न्यायाधीश दोन आठवडे दातांशिवाय वाट बघत बसले होते. ते रोज येऊन काहीतरी कडक बोलत, पण दातांअभावी त्यातलं काहीच कळत नसे, म्हणून धाकटा नुसती मान डोलवायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जहाजात चूक उरली नाही. धाकट्याने भिंग लावून ते दोनदा तपासलं. खिडक्या चौसष्ट, उजळलेल्या चौसष्ट. उजेड भिंतीतून फुटत नव्हता, सांधा दिसत नव्हता, काजळी शेपटाकडे, दार कुशीत. आता दादाला 'पास' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धाकटा शीळ घालत दादाच्या घरी निरोप द्यायला गेला.

"वहिनी, उद्या दुपारी आणतो. ह्या वेळी बोट ठेवायला जागा नाही."

वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं खाली ठेवलं.

"अजिबात नाही?"

"शप्पथ."

"भावजी, परवा ह्यांनी दोन घास जास्त खाल्ले. त्या काजळीवरून तुम्हाला बोलायचं होतं ना, म्हणून. काल सकाळी मला विचारलं, 'बाळ्या कधी येतोय? दाराचं बघायचंय.'" त्या थांबल्या. "एखादं काहीतरी राहू द्या ना."

"काय राहू द्या?"

"मला काय कळतंय जहाजातलं? पण ते बघतो आणि जातो म्हणालेत. शब्दाचे पक्के आहेत हो."

धाकटा चहा न पिताच उठला. दुकानात येऊन तो जहाजासमोर बसला. सगळा जन्म ह्या एका शब्दासाठी घालवला, आणि आता तो तोंडाशी आल्यावर स्वतःच्या हाताने परतवायचा! त्याने दादाला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. मग सगळ्यात बारीक कुंचला घेतला, काळ्या रंगात बुडवला, कुशीतल्या दारातून आत सरकवला आणि डावीकडची तिसरी खिडकी आतून बुजवली. एकच. दादाच्या नजरेतून सुटणार नाही आणि दुरुस्त करायला जहाज परत कण्यापासून फोडावं लागेल अशी. रागारागाने त्याने वायरींनाही सोल्डरचा डाग देऊन त्या जहाजाखालच्या बैठकीतल्या बॅटरीला कायमच्या जोडून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढले. जहाज टेबलावर उजळलेलं होतं. दादा मान वळवूनही बघू शकत नव्हता, म्हणून वहिनींनी टेबल सरकवलं. दादाची नजर नाकापासून निघाली आणि मुंगीच्या चालीने शेपटाकडे गेली, परत आली आणि थांबली.

"डावीकडची तिसरी अंधारी आहे."

"आहे ना?" धाकटा जवळजवळ ओरडलाच. वहिनींनी डोळे पुसले. "दिवा गेला असणार! सगळं फोडावं लागेल दादा. आठवडा धर. जास्तच."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? अंधारी आहे ना!"

"आत कोणीतरी झोपलं असेल." दादाने दम घेतला. "इतकी माणसं, इतका लांबचा प्रवास. एखादा दिवा मालवून पडला असेल. झोपू दे त्याला. पास."

"असं कसं पास? चौसष्टपैकी एक बंद! तू एका बटणावरून नऊ मजली इमारत सहा महिने जिन्याने चालवली होतीस!"

"हो."

"मग? सांधा बघ, सांधाही नीट नाही! आणि रंग... हा रंग काय रंग आहे? दादा, हे काम भिकार आहे. मीच करतोय ना, मला माहीत आहे!"

"इन्स्पेक्टर तू का मी?"

धाकट्याने जहाजावरचं बोट मागे घेतलं.

"पास म्हटलं ना," दादा म्हणाला, आणि डोळे मिटले. "चांगलं केलंयस, बाळ्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, डॉक्टर यायच्या वीस मिनिटं आधी, दादा गेला. ह्या खेपेला डॉक्टरांनी चेहरा तयार करून आणला नव्हता, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

माणसं आली, व्हायचं ते झालं, माणसं गेली. रिकाम्या पलंगाजवळ वहिनी आणि धाकटा उरले, आणि टेबलावर जहाज. खोलीत दुसरा उजेड नव्हता.

"मालवा ते आता भावजी. बघवत नाही."

धाकटा वाकला. त्याने बैठक चाचपली. मग जहाज उचलून खालून बघितलं, मागून बघितलं. मग ते हळूच परत ठेवलं.

"काय झालं?"

"वहिनी, बटणच नाही."

"म्हणजे?"

"बंद करायला बटण बसवायचं राहिलं. वायरी थेट जोडल्यात. बॅटरी उतरेल तेव्हाच विझेल."

वहिनी जहाजाकडे बघत राहिल्या. तीन आठवडे. सहा तपासण्या. एकतीस वर्षांची नोकरी, सगळी बटणांवरच गेलेली.

"आणि हे ह्यांना दिसलं नाही?"

"नाही ना."

"तुम्हाला तरी दिसायला नको?" वहिनी कडाडल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. "एवढी मोठी चूक घरात बसलेली, आणि तुम्ही खिडक्या कसल्या बुजवताय? बटण नाही म्हटल्यावर त्यांनी पास केलं असतं का? सांगा ना, केलं असतं का?"

"प्राण गेला तरी नसतं केलं," धाकटा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं, ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"किती वेळ चालेल ती बॅटरी?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"चांगल्यातली आहे. चार दिवस. पाचही."

"बसा मग," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.