कठड्याशी अडलेली नायिका

रामटेक्यांच्या कादंबरीची नायिका कित्येक वर्षं विहिरीच्या काठावर उभी होती. जीव द्यायला ती केव्हाच तयार होती. पण विहिरीचा कठडा तिच्या कमरेच्या वर येत होता आणि तो खाली आणायला रामटेके तयार नव्हते.

रामटेके दुर्गजवळ, वैशाली नगरात आमच्या शेजारी राहत. एका खासगी ओतकाम कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर. दिवसा कामगारांच्या जिवाची काळजी, संध्याकाळी पात्रांच्या. त्यांच्या खलनायकाने एकदा नायकाला ढकलून द्यायला पाण्याच्या टाकीवर नेलं. वर पक्कं रेलिंग निघालं. दोघांनी तिथून दिसणाऱ्या धुराड्यांविषयी दोन पानं गप्पा मारल्या आणि शिडीला धरून, एकामागोमाग एक, खाली उतरले.

"जागा पाहिल्याबिगर लिहू नये," हा रामटेक्यांचा सिद्धांत. म्हणून ते टेप घेऊन जवळच्या मरोद्याच्या एका विहिरीचा कठडा मोजायला गेले. पाणी भरणाऱ्या बाईने विचारलं, "का नापत हस साहेब?" रामटेक्यांनी खरं तेच सांगितलं. "एक बाई को इसमें कूदना है. देख रहा हूँ, कैसे कूदेगी." पुढे बराच वेळ ते घोळक्यात बसून ही बाई कोण, कुठली आणि आपली कोण लागते हे समजावत होते. सुटका झाल्यावरही, कठड्याची एक वीट सैल आहे ती बसवून घ्या, असं बजावूनच ते निघाले.

रविवारी नवोदित लेखक त्यांच्याकडे सल्ल्याला येत. आमच्या ओळखीत मराठी कादंबरी लिहिणारा दुसरा कुणी नव्हता आणि रामटेक्यांचीही छापून आलेली नव्हती, त्यामुळे अधिकार निर्विवाद होता. नेहरू नगरचे सोनकुसरे नावाचे बँकेतले एक गृहस्थ कथा घेऊन आले. तिच्यात प्रेमभंग झालेला नायक स्कूटर ट्रकवर घालतो.

"हेल्मेट होतं?" रामटेक्यांनी विचारलं.

"सर, तो दुःखात आहे."

"दुःखात डोकं जास्त फुटते. ट्रकचे लाईट चालू होते?"

"सर, दुपार आहे."

"मंग त्याले ट्रक दिसला कावून नाही?"

महिनाभरात सोनकुसऱ्यांच्या नायकाने स्कूटर विकून बसचा पास काढला. प्रेमभंग तेवढा राहिला. तो त्याला आता खिडकीशी बसून करता येत होता.

अशात नागपूरचे एक प्रकाशक दुर्गला लग्नासाठी आले आणि एक दिवस रामटेक्यांकडे जेवले. हस्तलिखित त्यांनी आधीच वाचलं होतं. पाटवडीचा रस्सा ओरपत ते म्हणाले, "भाषा झकास आहे. पण एवढ्या पानांत कुणाला साधं खरचटत नाही हो! बाई विहिरीत जाऊ द्या, मी छापतो. उद्या सकाळी गाडीत बसताना शेवट माझ्या हातात द्या."

रामटेक्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक निघावं यासाठी त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. त्यांच्या बायकोनेही, विमलवहिनींनी, तेवढंच घातलं होतं. ते अगम्य अक्षर वाचून सगळी कादंबरी सुवाच्य उतरवून काढायचं काम त्यांचं. ते त्यांनी पाच-सहा वेळा तरी केलं असेल.

संध्याकाळी वहिनींनी मला हाक मारली. "भाऊजी, तुमी जरा जवळ बसा. एकटे असले तं वाचवतील तिले."

मी बसलो. रामटेक्यांनी मन घट्ट करून पावसात कठडा ढासळवला. लगेच गावाने तिथे दोर बांधला. मी दोर खोडायला लावला. मग एक गुराखी आला. त्याला हाकललं. तेवढ्यात, सुरुवातीलाच अमरावतीला गेलेली नायिकेची मावशी धापा टाकत हजर झाली.

"ही कशी आली?"

"एसटीनं."

"तिला परत पाठवा, रामटेके."

त्यांनी पाठवली. आता बाई काठावर एकटी होती. 'तिने डोळे मिटले' एवढं लिहून रामटेक्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, कागदावरची बाई आहे," मी म्हणालो.

"मले माहीत आहे. कारखान्यात मेलेले लोकंही मले कागदावरच भेटले. नाव, वय, कोणत्या पाळीत होता. मी पोचेपर्यंत होऊन गेलेलं राहे, देशकर. मी फक्त लिहून काढायचो." ते त्या ओळीकडे पाहत राहिले. "इथं पहिल्यांदा वेळेवर पोचलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आता वहिनी बोलणार होत्या, आणि आमच्या दोघांपेक्षा त्यांचा हक्क मोठा होता.

"उभीच आहे ना अजून?" त्यांनी आतून विचारलं.

"हो."

आत ताटं मांडल्याचा आवाज आला.

"मंग तिले घरी जाऊ द्या, आन् तुमी जेवाले या. भाजी थंडी होऊन राहिली."