शिंपीणकाकूंनी विमा उतरवला

एका जंगलात रस्ता अजून पोचला नव्हता, पण नेट पोचलं होतं. असं होतं, मुलांनो. मोठे व्हाल तेव्हा कळेल, आत्ता मधेमधे विचारू नका.

त्या जंगलात सागाच्या झाडावर शिंपीणकाकूंचं दुकान होतं. शिंपी हा अगदी एवढासा पक्षी. तो चोचीने पानं शिवतो आणि त्यांचं घरटं करतो. काकू इतरांनाही घरटी शिवून देत. ज्यांना घरटं जमत नाही असे पक्षी बरेच असतात. त्यांत पहिला नंबर होल्याचा. होला चार काड्या आडव्या टाकतो आणि त्याला घर म्हणतो. वारा आला की अंडी खाली.

होलाबाईंची मागच्या हंगामातली अंडी अशीच गेली होती. म्हणून या वेळी त्यांनी काकूंकडून घरटं शिवून घेतलं. करंजाच्या दाट झाडीत, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं. त्यात दोन अंडी होती. होलाबाई भेटेल त्याला सांगत, "यंदा मी निर्धास्त आहे बाई."

काकू टाका उसवला तर फुकट शिवून देत. त्यासाठी कोणाचं घरटं कुठे आहे, पिल्लं कधी निघणार, हे सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असे. जंगलात यापेक्षा मोलाची माहिती दुसरी कुठली असेल? हाच प्रश्न धामणीलाही पडला होता. धामण म्हणजे साप. ती झाडावर चढते आणि अंडी खाते.

एक दिवस झाडाखाली कासवराव आले. ते विमा कंपनीचे प्रतिनिधी होते. छप्पर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याकडून विमा घ्यावासा वाटतो, म्हणून कंपनीने त्यांना नेमलं होतं.

"काकू, सायबर विमा घेऊन टाका," कासवराव खालूनच म्हणाले. "कॉम्प्युटरमधली माहिती चोरीला गेली तर नुकसान आम्ही भरून देऊ. फक्त थोडे प्रश्न आहेत. दुकानात प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे ना?"

"हो," काकू म्हणाल्या.

काकू आणि काउंटरवरची बुलबुल, दोघींत मिळून एकच पासवर्ड होता. तो म्हणजे दुकानाचं नाव. विसरायला नको म्हणून तो पानावर लिहून समोर टांगला होता.

"अपडेट वेळच्या वेळी करता?"

"हो."

अपडेटची सूचना नेमकी जेवायच्या वेळेला येई. काकू रोज 'नंतर' दाबत. जेवण काही नंतर करता येत नाही.

"माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवता?"

"ठेवतो की."

प्रत शेजारच्या डहाळीवर होती. फांदी तीच.

"आणि शेवटचं. फोनवर कुणी घरट्याचा पत्ता मागितला, तर तुमच्याकडे नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करता?"

"म्हणजे काय! हो."

बुलबुलने काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हवं तर वर येऊन बघून घ्या," काकू म्हणाल्या. खोटं बोललं की एवढं म्हणावंच लागतं.

"मला झाडावर चढता येत नाही," कासवराव म्हणाले. "आमची कंपनी विश्वासावर चालते. तपासणी आम्ही नंतर करतो."

"नंतर म्हणजे कधी?"

"नुकसान झाल्यावर."

काकूंना ही पद्धत फार सोयीची वाटली. त्यांनी विमा उतरवला आणि दुकानावर पाटी लावली: 'येथील माहिती विम्याने सुरक्षित आहे.' पाटी वाचून गिऱ्हाईक वाढलं. धामणीनेही ती वाचली. आत चोरण्यासारखं काही आहे की नाही, ही तिची शंका फिटली.

एका दुपारी फोन वाजला. बुलबुलने उचलला.

"मी होलाबाई बोलतेय," धामण म्हणाली. "दाणे टिपायला बाहेर पडले आणि माझंच घरटं मला सापडेना बघ. पत्ता तेवढा सांग."

बुलबुलने फोनवर पंख धरला. "काकू, होलाबाईंचा आवाज असा नाही हो. उलट फोन करून बघू का?"

"अगं, अंड्यांवरची बाई ती," काकू म्हणाल्या. "तिला काय, तूच का ती म्हणून विचारायचं? उद्या जंगलभर सांगेल, शिंपिणीचा माझ्यावर भरवसा नाही. घसा बसला असेल तिचा. सांगून टाक. आणि विमा आहे ना आपला."

बुलबुलने सांगून टाकलं. धामणीने आभार मानले. ती वागायला सभ्य होती.

संध्याकाळी होलाबाई दुकानात आल्या. आरडाओरडा केला नाही. "काकू, टाका कुठेच उसवला नाहीये," त्या म्हणाल्या. "मी सगळीकडून बघितलं. घरटं जसंच्या तसं आहे. आत फक्त काही नाही."

मग बुलबुलने दुपारच्या फोनचं सांगितलं. "एक उलटा फोन करून मला विचारलं असतंत तर?" एवढंच होलाबाई म्हणाल्या. बुलबुल रडली. काकूही रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. मलाही हे सांगताना बरं वाटत नाही, पण गोष्ट सांगायला घेतली आहे.

भरपाई येईल ती होलाबाईंना द्यायची, असं काकूंनी ठरवलं. कासवरावांना निरोप गेला. या वेळी कंपनीने त्यांच्याबरोबर दोर, टोपली आणि ओढायला माकडं पाठवली. विमा देताना झाडावर न चढणारं कासव भरपाईच्या वेळी शेंड्यापर्यंत पोचतं. हे पाठ्यपुस्तकात नाही, लक्षात ठेवा.

कासवरावांनी टांगलेला पासवर्ड वाचला. शेजारची डहाळी पाहिली. बुलबुलला चार प्रश्न विचारले. तिने खरी उत्तरं दिली.

"तुम्ही तर हो म्हणाला होतात," कासवराव काकूंना म्हणाले.

"तुम्ही असं विचारलंत, की नाही म्हणायची लाज वाटली."

"लाजेचा विमा आमच्याकडे नाही," कासवराव म्हणाले, आणि टोपली खाली गेली.

काकू मात्र त्या दिवसापासून बदलल्या. दोघींचे पासवर्ड वेगळे झाले. टांगलेलं पान उतरलं. अपडेट आधी, जेवण मग. माहितीची प्रत नदीपलीकडे बहिणीकडे गेली. आणि उलट फोन केल्याशिवाय कुणालाही पत्ता सांगायचा नाही, असा नियम झाला.

पुढच्या हंगामात होलाबाई पुन्हा आल्या. पोटात अंडी होती. बुलबुलने प्रेमाने बसवलं आणि नियम समजावून सांगितला. "तुम्ही स्वतः फोन केलात तरी आम्ही ठेवणार, आणि उलट फोन करणार."

"म्हणजे मी मीच आहे, हे मी तुला पटवून द्यायचं?" होलाबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच आहे हो ते."

"इतक्या वर्षांची ओळख," होलाबाई म्हणाल्या. "आणि माझ्यावर संशय." त्या उठल्या आणि समोरच्या झाडावर गेल्या.

तिथे कावळ्याने नवं दुकान काढलं होतं. तो कुणाला काहीच विचारत नसे. फक्त घरटं कुठे बांधायचं आणि अंडी कधी घालणार, एवढंच आपुलकीने विचारून घेई. त्याच्या पाटीची अक्षरं काकूंच्या पाटीपेक्षा मोठी होती. झाडाखाली उभे राहून कासवराव प्रश्न विचारत होते आणि कावळा प्रत्येकाला हो म्हणत होता.

होलाबाई त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होत्या, "यंदा मी निर्धास्त आहे बाई."

तात्पर्य: जिथे आपली ओळख विचारतात त्या दुकानात पाऊल ठेवू नये. अंडी काय, पुन्हा घालता येतात. अपमान भरून निघत नाही.