आरामशीनचा ऐकणारा

खुशालभाऊ नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. ते थेट विचारतात, "आरामशीन आयकलं का?"

मी बदली होऊन तुमसरला आलो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं. डोक्यावर गादी घेऊन मी दारात उभा, आणि समोर लुंगीतला हा गृहस्थ. मला वाटलं, जवळपास कुठे लाकडं कापायची आरामशीन असेल आणि तिच्या आवाजाबद्दल तक्रार असेल. मी म्हटलं, "नाही बुवा, अजून तरी काही त्रास नाही."

त्यांनी कपाळावर हात मारला. "त्रास? सर, बँड होता थो! या जिल्ह्यात तसा बँड झाला नाही, होणार बी नाही."

तर आरामशीन हा चार पोरांचा हार्ड रॉक बँड. खुशालभाऊंच्या तरुणपणी तुमसरात निघाला, थोडी वर्षं वाजला आणि बंद पडला. पोरं सुट्टीच्या दिवशी आरामशीनच्या आवारात सराव करायची, म्हणून ते नाव. ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेले, गिटार नागपूरहून आणलेली जुनी आणि स्पीकर फाटका. "त्या फाटक्या स्पीकरातच सारी मजा होती," खुशालभाऊ सांगतात. "मोठे मोठे लोक यंत्र लावून गिटारचा आवाज फाडतात जी. आपला पहिलेच फाटेल होता."

"तुम्ही काय वाजवायचात?" मी एकदा विचारलं.

"मी? मी आयकणारा." एखाद्यानं 'मी कलेक्टर' म्हणावं तसं ते म्हणाले. खरं तर ते वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. पण ती ओळख ते क्वचितच सांगतात.

मी उत्सुकतेनं मोबाइलवर आरामशीन शोधला. बँडचा पत्ता नाही, लाकूड कापायच्या यंत्रांच्या जाहिराती मात्र सुरू झाल्या आणि अजून येतात. खुशालभाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. बँडचं नाव तरी चालू आहे, म्हणाले.

आरामशीनचे आणखी दोन चाहते गावात आहेत, एक राईसमिलचे मुनीम आणि एक केस कापणारे. तिघं चहाच्या टपरीवर जमले की विषय एकोडीच्या मंडईवर येतो. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात, नाटकं होतात. एकोडीत भरदुपारी नाटकाच्या मांडवात आरामशीनला वाजवायला मिळालं. पोरांनी जीव तोडून गाणी वाजवली. लोक शांतपणे भजी खात बसलेले. मग एक म्हातारे उठून स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "माइक चांगला हाय बाप्पा. आता कार्यक्रम चालू करा."

म्हातारे दुसऱ्या गाण्यानंतर उठले की तिसऱ्या, यावरून मुनीम आणि केस कापणाऱ्यांत मध्यंतरी अबोला होता. खुशालभाऊ त्या भांडणात पडत नाहीत. "पब्लिकची चूक नाही," एवढंच म्हणतात. "पब्लिक येऊन राहिली होती. पोरं जरा पहिले पोचले."

त्यांचं आवडतं गाणं मला न ऐकताच पाठ झालं. म्हणजे बँडचं न ऐकता, भिंतीपलीकडून रोज सकाळी आंघोळीच्या वेळी. "फुटू दे पाळ, फुटू दे पाळ!" मग बादलीवर तीन ठोके. मग सगळी आळी जागी होईल अशा आवाजात, "तलावाले कोण अडवते!" पाळ म्हणजे तलावाचा बांध. गाण्यात कधी तसूभर फरक नाही. एकदा माझी बायको स्वयंपाक करता करता तेच गुणगुणत होती. तिनं ओट्यावर दोनच ठोके दिले. भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी, तीन!"

हे गाणं रचलं आणि गायलं सुभाषभाऊंनी. ते आता बपेऱ्याला शेतीवर राहतात. जन्मभर खर्रा खाल्ला, त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूनं घसा धरला. ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. तेव्हापासून माणूस घराबाहेर पडत नाही, पाटीवर लिहूनही कुणाशी बोलत नाही. खुशालभाऊ दर रविवारी बसनं त्यांच्याकडे जातात. मला वाटायचं, जुन्या गोष्टी उगाळायला जात असतील. ज्याचा आवाज गेला त्याच्यापुढे त्याचीच गाणी! मला ते थोडं निर्दयही वाटायचं.

एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडे गाणं झालं नाही. थोड्या वेळानं खुशालभाऊ दारात उभे. "सर, सुभाषच्या घरून फोन होता. दोन दिवस झाले, पेज बी घेऊन नाही राहिला. चला माह्यासंगं."

पेज म्हणजे तांदळाची पातळ कांजी. ऑपरेशननंतर सुभाषभाऊंचं सगळं जेवण तेच. आम्ही गेलो.

सुभाषभाऊ सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, पेजेची वाटी घेऊन शेजारी उभ्या होत्या. खुशालभाऊंनी हालहवाल विचारली नाही की समजूत घातली नाही. सपरीत धानाची पत्र्याची कोठी होती, तिच्यापाशी जाऊन त्यांनी सुरू केलं, "फुटू दे पाळ, फुटू दे पाळ!" आणि कोठीवर दोन ठोके.

मी दचकलो. हा माणूस आणि दोन ठोके?

खाटेवरचा खांदा हलला. खुशालभाऊंनी पुन्हा म्हटलं, पुन्हा दोनच. या वेळी सूरही सोडला. सुभाषभाऊ वळले, उठून बसले आणि त्यांनी तीन बोटं दाखवली.

"काहून गा? बरोबरच तं आहे," खुशालभाऊ भोळेपणानं म्हणाले. "एकोडीले दोनच होते."

एवढं पुरे झालं. सुभाषभाऊ खाटेवरून उतरले, खुशालभाऊंना ढकलून बाजूला केलं आणि कोठीवर तीन ठोके असे हाणले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मग दोघांचं भांडण जुंपलं, एकाचं तोंडानं आणि दुसऱ्याचं पत्र्यावर. वहिनींनी त्यातच हळूच वाटी पुढे केली. सुभाषभाऊंनी हात मोकळे करायच्या घाईत पेज घटाघटा पिऊन टाकली.

परतताना बसथांब्यावर मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम चुकलात."

खुशालभाऊ म्हणाले, "पहिले मी बरोबरच म्हणत होतो, सर. थो आयके, डोळ्यातून पाणी काढे अन् भिंतीकडं पलटून जाय. एक दिवस माह्या हातून ठोका चुकला, तं उठून बसला. तवापासून चुकून राहिलो." मग हळूच म्हणाले, "चुकायले भल्ला जड जाते जी."

ज्या गाण्यात दुसऱ्याचा एक ठोका कमी झालेला या माणसाला खपत नव्हता, तेच गाणं तो दर रविवारी आपल्या हातानं बिघडवत होता.

"पण माह्या चुका थो आता ओळखाले लागला," ते म्हणाले. "आजबी उशिराच उठला. पुढच्या रविवारी तुमी म्हणा."

पुढच्या रविवारी मी म्हटलं. ठरवून चुकायची वेळच आली नाही, माझा मूळ आवाजच पुरेसा होता. दुसरी ओळ व्हायच्या आत सुभाषभाऊ तणतणत उठले आणि मला बाजूला सारून कोठीवर गाणं पहिल्यापासून वाजवू लागले.

मी मागे पाहिलं. खुशालभाऊ तोंड बाजूला फिरवून अंगणाच्या टोकाला उभे होते. कोठीवर एकेक ठोका पडत होता आणि त्यांचे ओठ आवाज न करता गाण्याचा एकेक शब्द म्हणत होते, जिथल्या तिथे.