जागणाऱ्याचा रकाना

बहात्तर साली दुष्काळ पडला, तेव्हा आमच्या तालुक्याच्या कचेरीत टंचाई शाखेचा कारभार एकशे सव्वीस किलो वजनाच्या कारकुनाकडे होता. यात कोणत्याही नियमाचा भंग होत नव्हता.

राधाकृष्ण अण्णा मूळचे काष्टीकडचे. हाडपेर थोराड, स्वभाव गरीब. दुष्काळात त्यांनी जास्तीचं काही खाल्लं नव्हतं. होतं ते आधीचंच साठलेलं, आणि सरकारी खात्यात साठलेलं सहसा हलत नाही. त्यांचा दोष एकच होता. ते बसल्या जागी झोपत. खडीच्या कामाचा अर्ज घेऊन माणूस समोर उभा राही, गाऱ्हाणं सांगू लागे, आणि अण्णांची मान हळूहळू खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई. माणूस समाधानाने परत जाई. एवढी मान हलवून आपलं आजवर कुणी ऐकलं नाही, असं लोक पारावर बसून सांगत. टंचाई शाखेविरुद्ध वर्षभरात एकही तक्रार आली नाही.

खरं काय ते त्यांच्या कारभारणीला, मनकर्णाला, ठाऊक होतं. अण्णा घोरत. त्याचं तिला काही नव्हतं. भिंतीपलीकडच्या रंगुबाईलासुद्धा आता त्या आवाजाशिवाय करमत नसे. पण घोरणं मधेच थांबे. नुसतं घोरणं नाही, श्वासच. तोंड उघडं, छाती धडपडतेय, आणि हवा आत नाही की बाहेर नाही. मनकर्णा आठापर्यंत मोजी आणि उलथन्याच्या दांड्याने त्यांच्या बरगडीत ढोसी. मग अण्णा विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढत आणि कूस बदलत. सकाळी मात्र विचारत, "माझ्या बरगड्या का गं दुखतात?"

हे रोज, शंभर-दीडशे वेळा. एकदा तिचा डोळा लागला होता आणि जाग आली तेव्हा अण्णांचे ओठ जांभळे पडले होते. त्यानंतर ती झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल.

शेवटी तिने त्यांना मिशनच्या दवाखान्यात नेलं. एलिया डॉक्टरांनी अण्णांचा घसा पाहिला, मान टेपने मोजली आणि टेप पुरली नाही म्हणून सुतळी लावली.

"बाई, झोपेत यांचा गळा मिटतो. मोठ्या पुस्तकांत हल्ली याच्यावर लिहून येतंय. मराठीत अजून नाव नाही."

"नाव ऱ्हाऊ द्या. औशीद काय?"

"वजन उतरायला हवं. मुंबईत एक नवं ऑपरेशन करतात. आतडं आखूड करून जोडतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही."

खिडकीबाहेर लाल मिलोसाठी, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या रेशनच्या लाल ज्वारीसाठी, रांग लागली होती. मनकर्णाने रांगेकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "खाल्लेलं वाया घालवायचं ऑपरेशन?"

"तसंच म्हणा. सरकारी नोकर आहेत, मंजुरी मिळेल. तोवर भाकरी अर्धी. पाठीवर निजू द्यायचं नाही. बंडीला मागून काहीतरी टणक शिवा, टोचलं की आपोआप कुशीवर होतील. आणि शेजारी कुणीतरी जागं राहायचं."

"तोवर म्हंजे कवर?"

"मंजुरीचं पत्र येईपर्यंत."

अण्णांनी मान हलवली. ते स्टुलावरच झोपले होते.

टणक वस्तू कचेरीतच मिळाली. ‘तातडीचे’ असा एक लाकडी मुठीचा शिक्का कपाटात पडून होता. कित्येक वर्षांत तो कुणी उचलला नव्हता. शाई लागली नसल्याने अगदी कोरा करकरीत. मनकर्णाने तो बंडीच्या पाठीला शिवला. अण्णा उताणे झाले की ‘तातडीचे’ मणक्यात रुते आणि ते वळत. सरकारचा तो शिक्का प्रथमच उपयोगी पडत होता. तरी निम्मा वेळ उलथनंच लागे.

मंजुरीच्या अर्जात एक्केचाळीस रकाने होते. नववा वजनाचा: ‘सरकारमान्य काट्यावर केलेले’. डॉक्टरांचा काटा एकशे दहाला अडकला. एवढं वजन पेलणारा सरकारमान्य काटा तालुक्यात एकच होता, बाजार समितीच्या आवारात. तिथला मापाडी बन्सी. त्याने अण्णांना काट्यावर चढवलं, भोवती एक चक्कर मारली आणि हाळी दिली, "एकशे सव्वीस! बारदान एक. कडता अडीच. निव्वळ एकशे साडेबावीस!"

"बारदान कसलं?"

"धोतर-कोट, अण्णा."

"आणि कडता? मी काय मिरची आहे?"

कडता म्हणजे ओल, धूळ, काडीकचरा धरून शेतकऱ्याच्या मालातून आधीच उडवायचं वजन. बन्सीने बावीस वर्षांत कडता कापल्याशिवाय एकही पावती फाडली नव्हती.

"मिरचीला क्विंटलमागं तीन हाय. तुमाला दोनच लावला, वळखीचं म्हनून," बन्सी म्हणाला. "आन् वल न्हाई म्हनता? घाम बगा की किती आलाय."

पावती छापील होती. तिच्यावर शिक्का होता. ती अर्जाला जोडली गेली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ‘सदर शस्त्रक्रियेस किमान वजन १२५ किलो आवश्यक असून अर्जदार अडीच किलोने अपात्र ठरतात. आवश्यक वजन प्राप्त झाल्यावर पुनश्च अर्ज करावा.’

"मंग घाल की चार दिस पुरनपोळ्या," रंगुबाईने भिंतीवरून तोड सुचवली.

"पुरन कुठनं आनू, रंगुबाय? समदा तालुका मिलोवर जगतोय, आन् सरकार म्हनतंय ह्यांना फुगव! डाक्टर म्हनतो अर्दी भाकर, सरकार म्हनतं दीड. आन् तवर म्या जागायचं!"

त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि चूल पेटवायला गेली तेव्हा ती पेटलेलीच होती. दुपारी धुणं वाळत घालता घालता उभ्याउभ्या तिचा डोळा लागला. आपण अशाच एका आठाच्या पुढे झोपून गेलो तर, एवढी एकच भीती तिला जागं ठेवत होती.

अण्णांनी कडत्याविरुद्ध अपील केलं. मालमत्तेसंबंधी अपिलाला मुदत असते, माणसासंबंधी नसते, त्यामुळे ते दाखलही झालं. आजार खरा की रजेसाठी, हे पडताळायला नगरहून चौकशी अधिकारी निघाले. नाव रंगनाथ बोऱ्हाडे. बांबूसारखे काटकुळे, चष्मा जाड. झोपेची प्रत्यक्ष पाहणी कार्यालयीन वेळेतच करणं भाग होतं. म्हणून अर्जदाराने दुपारी दोन ते चार झोपावं, असा लेखी हुकूम आदल्या दिवशी आला.

सोळा वर्षांच्या नोकरीत अण्णांनी हुकमावाचून इतकी झोप घेतली होती. हुकूम हाती पडला आणि त्यांची झोप उडाली. ते सतरंजीवर डोळे मिटून पडले, दर मिनिटाला एक डोळा उघडून साहेबांकडे बघत.

"झोपा," साहेब म्हणाले.

"झोपतोच आहे, साहेब."

"घोरा."

"प्रयत्न चालू आहे, साहेब."

साहेबांनी मनकर्णाच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली होती. बाहेर ऊन रणरणत होतं. अडीच वाजता साहेबांची मान लोडावर कलंडली आणि पावणेतीनला घरात घोरणं सुरू झालं. स्वयंपाकघरात मनकर्णाला हायसं वाटलं. लागला एकदाचा डोळा यांचा. एवढ्यात घोरणं थांबलं. तिच्या ओठांवर अंक आपोआप आले. सहा, सात, आठ. उलथनं घेऊन ती बाहेर धावली. पाहते तर अण्णा टक्क जागे, आणि साहेबांचे ओठ निळे.

तिने क्षणभरही विचार केला नाही. दांडा साहेबांच्या बरगडीत घातला.

"हॉऽऽ!" साहेब उठून बसले. चष्मा शोधला, मग टाय. "काय प्रकार आहे हा?"

"साहेब, तुमचा स्वास बंद पडला हुता."

"माझा?" साहेब ताठ झाले. "मी घोरत नाही, बाई. मी डोळे मिटून ऐकत होतो."

अहवाल चौथ्या दिवशी गेला. ‘पाहणीच्या वेळी अर्जदार पूर्णवेळ जागा होता. घोरण्याचा आवाज आढळून आला नाही. प्रकरण बंद करावे.’

ते बंद झालंही. मनकर्णाने पत्र वाचून घेतलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि उलथनं पदराला पुसलं. आता मोजायचं ते जन्मभर.

तीन आठवड्यांनी एसटीतून एक बाई उतरली. नगरची, नीटनेटकी, काठपदराची साडी. डोळ्यांखाली मात्र काजळ फासल्यासारखी वर्तुळं. मनकर्णाने ती वर्तुळं लांबूनच ओळखली. तिच्या आरशात तशीच होती.

"मी बोऱ्हाडे साहेबांच्या घरची," बाई म्हणाली. "बरगडीला काळानिळा डाग पडला होता. विचारलं तर म्हणाले, खेड्यातली बाई वेडी आहे, तिने ढोसलं. मी म्हटलं, वेडी नाही, मला तिला भेटायचंय. एकवीस वर्षं मी यांच्या उशाशी बसतेय हो. आणि हे म्हणतात, मी घोरत नाही."

"किती मोजता?"

"दहा."

"लई झालं. आठाच्या फुडं जाऊ नगा." मनकर्णाने अण्णांची बंडी उलटी करून तिला शिक्का दाखवला. "हे शिवा पाठीला. तुमच्या साहेबांच्या कचेरीतबी असंल की. कुनी वापरत न्हाई त्यो."

बाई नगरला परतली आणि दहा दिवसांत साहेबांनीच बंद प्रकरण उघडलं. ‘मनुष्यावर कडता आकारणे उचित नाही’ असा निर्णय झाला आणि निव्वळ वजन बारदान सोडून बरोबर एकशे पंचवीस धरण्यात आलं. "आजवर कडता माघारी मिळालेला ह्यो एकच माल!" असं बन्सी पुढे कित्येक वर्षं आवारात सांगायचा.

मंजुरीचं पत्र अण्णांनी मोठ्याने वाचलं. ‘शस्त्रक्रियेस मंजुरी देण्यात येत आहे. प्रतीक्षा क्रमांक ३१७. प्रतिवर्षी सुमारे वीस शस्त्रक्रिया होतात. तोपर्यंत रुग्णाशेजारी नातेवाइकाने जागे राहावे.’

मनकर्णाने बोटांवर हिशेब केला. पंधरा वर्षं आणि वर काही महिने.

"अहो, त्या अर्जाच्या कागदावर आजाचं नाव हाय, उंची हाय, जन्मखूण हाय. जागनाऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात लिवलंय?"

अण्णांनी अर्जाची नक्कल काढून एक्केचाळीसही रकाने बोट फिरवून पाहिले. "तसा रकानाच नाही गं."

"मंग आज म्या निजते." तिने उलथनं त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. डोकं टेकताच ती घोरू लागली. अण्णा त्या आवाजाकडे चकित होऊन बघत राहिले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हिला घोरताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली, पाचावर त्यांची मान खाली गेली आणि ते उताणे कलंडले. पाठीत ‘तातडीचे’ रुतलं तेव्हा ते वळले.

आपण घोरत नाही, असं आपलंही म्हणणं असेल. बोऱ्हाडे साहेबांचंही तेच होतं. घरात एकदा विचारून पाहायला हरकत नाही. फक्त विचारण्याआधी समोरच्या माणसाच्या डोळ्यांखाली बघून घ्या. बहुधा विचारावं लागणार नाही.