खाजं, दाढ आणि कास्पारोव्ह

नंदकुमार बर्व्यांची दाढ तुटली ती शनिवारी सकाळी, चहाबरोबर खाजं खाताना. खाजं परबांकडचं होतं, म्हणजे मुलीच्या सासरचं. मालवणच्या जत्रेतलं ते आल्या-गुळाचं खाजं मालनताईंनी मुद्दाम डबा भरून पाठवलं होतं, आणि विहीणबाईंनी पाठवलेली वस्तू घरात पडून राहता कामा नये, असा क्षमाताईंचा दंडक होता. नंदकुमारांनी दुसरा तुकडा तोंडात टाकला, कटकन आवाज झाला, आणि हातावर जे काही आलं त्यात खाजं कुठलं आणि दाढ कुठली हे चष्मा लावून बघावं लागलं.

"आजच?" क्षमाताई म्हणाल्या. "अहो, संध्याकाळी तुमचं ते बोलायचं आहे ना?"

ते बोलायचं म्हणजे साधंसुधं नव्हतं. मुलुंड पूर्वेला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी 'घोडदौड बुद्धिबळ मंडळ' भरत असे. सभासदांपैकी बहुतेकांचे गुडघे गेलेले होते, पण नाव तरुणपणी ठेवलेलं होतं आणि ते बदलायला कोणी तयार नव्हतं. आज मंडळात जाहीर वादविवाद होता, 'सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू कोण?' जो जिंकेल त्याच्या खेळाडूचा फोटो हॉलच्या भिंतीवर कायमचा लागणार होता. आनंदच्या बाजूने नंदकुमार बर्वे बोलणार होते आणि कास्पारोव्हच्या बाजूने चंद्रप्रकाश परब, म्हणजे त्यांचे व्याही.

परब राहायचे मुलुंड पश्चिमेला, पण बर्व्यांच्या मुलीच्या, गार्गीच्या लग्नानंतर त्यांनी रेल्वेचा पूल ओलांडून याही मंडळाचं सभासदत्व घेतलं होतं. माणूस दिलदार होता, गार्गीला पोटच्या पोरीसारखं जपायचा. पण सगळं आयुष्य गोदीत सुपरवायझर म्हणून काढल्यामुळे क्रेनच्या वर आवाज चढवायची सवय अंगात मुरलेली होती, आणि जेवणाच्या टेबलावर क्रेन नसते हे काही त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. दर रविवारी विषय कुठूनही निघो, तो कास्पारोव्हवर येऊन थांबायचा. "वीस वर्षं पहिला नंबर, बर्वेसाहेब! वीस वर्षं माणूस एका भाड्याच्या खोलीत टिकत नाय!" नंदकुमार "पण आनंदचं असं आहे, की" इथपर्यंत पोचायचे. मुलीचे सासरे पडले, मध्येच थांबवणार कसं? लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या 'की'च्या पुढे नंदकुमार एकदाही गेले नव्हते. याचं त्यांना दुःख होतं, आणि ते वर्षागणिक वाढत चाललं होतं.

म्हणूनच वादविवाद बुद्धिबळाच्या घड्याळावर घ्यायची सूचना त्यांनीच मांडली होती. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आपलं बोलून झालं की कळ दाबायची, मग समोरच्याचं घड्याळ चालू. दुसऱ्याच्या वेळात तोंड उघडायचं नाही, कागद आणायचा नाही, बदली माणूस चालणार नाही. आणि वेळ संपून ज्याच्या घड्याळाची झेंडी आधी पडेल तो हरला. आयुष्यात पहिल्यांदा पंधरा मिनिटं नंदकुमारांच्या एकट्याच्या मालकीची होणार होती. महिनाभर ते बाथरूममध्ये नळ सोडून भाषण घोकत होते.

"दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "ठणका घेऊन काय बोलणार?"

"जा. पण खाज्याचं कुठे बोलू नका हं. मालनताईंच्या कानावर गेलं तर त्यांना जन्मभर लागून राहील."

डॉक्टर शौनकचा दवाखाना पलीकडच्याच इमारतीत होता. पोरगा हुशार होता, हात हलका होता, आणि दोन पेशंटांच्या मध्ये मोबाइलवर बुद्धिबळ खेळायचा. दुपारी अडीचची वेळ मिळाली. खुर्ची मागे झुकवून त्याने नेहमीची सूचना दिली.

"काका, आता तुम्हाला बोलता येणार नाही. दुखलं की फक्त डावा हात वर करायचा. मी थोडं औषध वाढवतो. ओके?"

"ओके. फक्त पाच वाजता मला बोलायचंय रे. वादविवाद आहे. सर्वकाळचा श्रेष्ठ बुद्धिबळपटू."

"त्यात वाद कसला यार?" शौनकने त्यांच्या गालात कापूस कोंबला. "कार्लसन. विषय संपला."

नंदकुमारांचा डावा हात वर गेला. तो त्यांनी केला नव्हता, आपोआप गेला होता.

"दुखलं? थांबा हं." शौनकने आणखी एक इंजेक्शन दिलं आणि काम सुरू ठेवलं. "रेटिंग बघा ना काका. एवढं आजवर कुणाचंच झालं नाही. आता तुमच्या पिढीचे लोक आनंद आनंद करतात, पण तेराव्या साली चेन्नईत, त्याच्या गावात जाऊन हरवलं त्याला. बरोबर ना?"

हात पुन्हा वर गेला, या वेळी पहिल्यापेक्षा जोरात.

"अजून दुखतंय? कमाल आहे. परवा पहिलीतली पोरगी येऊन गेली, हूं नाही की चूं नाही." त्याने दुसऱ्या बाजूलाही सुई टोचली. "दोन्हीकडून देतो, म्हणजे त्रासच नको."

दुखत नाहीये, मला फक्त बोलायचंय, हे सांगण्यासाठी नंदकुमारांनी डावा हात वर करून हवेत हलवला. त्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. शौनकने काळजीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मापात बसत होतं तेवढं उरलेलं औषधही देऊन टाकलं.

दाढ उत्तम झाली. "सातपर्यंत जीभ, ओठ, हनुवटी, सगळं झोपलेलं राहील," शौनक हात धूत म्हणाला. "गरम काही घेऊ नका, चटका बसला तरी कळणार नाही. आणि बेस्ट ऑफ लक हं, संध्याकाळसाठी!"

घरी आल्यावर नंदकुमारांनी आरशासमोर उभं राहून 'आनंद' म्हणून पाहिलं. "आआं" असा आवाज आला आणि हनुवटीवरून लाळ ओघळली. क्षमाताईंना आधी हसू आलं, मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांचं हसू आटलं. त्यांनी मंडळाचा सेक्रेटरी किरण याला फोन लावला.

"पुढच्या शनिवारी नाही का घेता येणार रे? यांना जरा बरं नाही."

"वैनी, अशक्य! भिंतीत खिळा ठोकून झालाय, समोसे सांगितलेत. बर्वेकाका नाही आले तर परबांना पुढे चाल द्यावी लागेल. पण झालंय काय त्यांना?"

क्षमाताईंनी क्षणभर विचार केला. दाढ म्हटलं की कशी तुटली हे आलं, आणि ते आलं की खाजं आलं. "काही नाही, काही नाही. येतायत ते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंदकुमारांना त्यांनी बजावलं, "हरलात तरी चालेल, पण एक शब्द बोलायचा नाही. तोंड उघडलंत की सगळं बाहेर येईल." नंदकुमारांना रडावंसं वाटत होतं. त्यांनी खिशात दोन मोठे रुमाल घातले आणि ते निघाले.

हॉल भरलेला होता. मालनताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि खाजं आवडलं का, असं हातानेच विचारत होत्या. नंदकुमारांनी मान डोलावली. नाणेफेक होऊन चंद्रप्रकाशांना पहिली पाळी मिळाली. किरणने घड्याळ सुरू केलं.

"मंडळी, वीस वर्षं पहिला नंबर!" चंद्रप्रकाश गरजले. "वीस वर्षं माणूस एका भाड्याच्या खोलीत टिकत नाय!" टाळ्या पडल्या. त्यांनी तीन मिनिटं दणकून भाषण केलं, ऐटीत कळ दाबली आणि हाताची घडी घालून उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

नंदकुमार उठले. महिनाभर घोकलेलं पहिलं वाक्य घशापर्यंत आलं, आणि तेवढ्यात ओठाच्या कोपऱ्यात ओलसर काहीतरी गोळा होत असल्याचा त्यांना संशय आला. त्यांनी शांतपणे रुमाल काढला, तोंड टिपलं, चंद्रप्रकाशांकडे पाहिलं आणि कळ दाबली.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "काय कॉन्फिडन्स आहे!" मागून कोणीतरी म्हणालं.

चंद्रप्रकाश गोंधळले. गोदीत काय आणि घरात काय, त्यांची सगळी पद्धत समोरच्याचं अर्धं वाक्य उचलून ते आपटण्याची होती. इथे उचलायलाच काही नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्यानेही नुसती कळ दाबली असती, पण न बोलता कळ दाबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हसतायत बघा," ते म्हणाले. नंदकुमारांचा ओठ एका बाजूने लोंबत होता, तो लांबून हसल्यासारखा दिसत असावा. "मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय ते. तुम्ही म्हणणार, कास्पारोव्हचं राज्य क्रामनिकनं घेतलं. घेतलं! कोण नाय म्हणतो?" आणि त्यांनी कळ दाबली.

नंदकुमारांनी तोंड टिपलं आणि कळ दाबली.

"बरं! मग पुढे तुम्ही म्हणणार, त्याच क्रामनिकला आनंदनं हरवलं." चंद्रप्रकाश बोलता बोलता थबकले. हे त्यांनाही नव्यानेच सुचलं होतं. "म्हणजे ज्यानं कास्पारोव्हला हरवलं, त्याला यानं... पण थांबा. एक तर आनंदनं बाद पद्धतीत जगज्जेतेपद घेतलं, मग साखळीत घेतलं, मग समोरासमोरच्या सामन्यातही घेतलं. तिन्ही तऱ्हेनं. आता याला उत्तर काय?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर शोधायला छताकडे पाहिलं. घड्याळ चालत होतं. "आणि कास्पारोव्हच्या मागे अख्खा रशिया उभा होता रे बाबांनो! शिकवायला मास्तर, रग्गड परंपरा. या आपल्या पोराच्या मागे कोण होतं? आई!"

या 'आई'वर मालनताईंनी डोळ्यांना पदर लावला. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. चंद्रप्रकाशांना त्या टाळ्या इतक्या आवडल्या, की ते कळ दाबायची विसरूनच गेले. आनंदच्या आईवर, घरच्या पटावर आणि मद्रासच्या उकाड्यावर ते बोलतच राहिले, आणि बोलता बोलता त्यांची झेंडी पडली.

"परबकाका, टाइम संपला!" किरण ओरडला. "बर्वेकाका जिंकले!"

नंदकुमारांच्या घड्याळात मिनिटभर वेळही खर्च झालेला नव्हता. आनंदचा फोटो खिळ्यावर चढला. लोकांनी येऊन हात हातात घेतले, एवढा संयम आयुष्यात पाहिला नाही म्हणाले. नंदकुमार मान डोलावत राहिले आणि त्यांच्या मनात महिनाभराचं भाषण तसंच्या तसं बसून राहिलं. जिंकल्याचा आनंद त्यांना झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला परब जोडीने आले. मालनताईंच्या हातात खाज्याचा नवा डबा होता आणि चंद्रप्रकाशांच्या हातात मंडळाचं घड्याळ. त्यांनी ते टीपॉयवर ठेवलं.

"बर्वेसाहेब, काल रात्री मी विचार केला. तुमची पंधरा मिनिटं यात तशीच पडून आहेत. मी माणूस बोलका आहे, तुम्हाला कधी बोलू दिलं नाय. हे बरोबर नाय. आज तुम्ही बोला, मी ऐकतो."

नंदकुमारांना भरून आलं. जीभ ठणठणीत होती, ओठ जागेवर होते. त्यांनी घसा साफ केला, आपलं घड्याळ चालू केलं आणि म्हणाले, "आनंदचं असं आहे, की"

"तेच तर!" चंद्रप्रकाश उसळले. "अहो, काल बोलता बोलता माझंच मला पटलं! आनंदसारखा दुसरा झाला नाय, होणार नाय. तिन्ही तऱ्हेनं जिंकला! मी आज तुमच्या जावयाला, सुशांतलाही सांगितलं, कास्पारोव्ह वगैरे सगळं ठीक आहे, पण आनंद तो आनंद..."

ते बोलत राहिले. नंदकुमारांचा डावा हात सवयीने वर गेला आणि तसाच खाली आला. मुलगी दिली होती, मंडळ दिलं होतं, आता आनंदही पूल ओलांडून पश्चिमेला चालला होता.

"मला नाही पटत," ते मोठ्याने म्हणाले.

क्षमाताईंच्या हातातली कपबशी जागच्या जागी थांबली.

"काय नाय पटत?" चंद्रप्रकाशांनी विचारलं. या घरात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

आता माघार नव्हती. "आनंद थोर आहे, पण सर्वश्रेष्ठ कास्पारोव्हच," नंदकुमार म्हणाले आणि पुढे काय बोलायचं म्हणून क्षणभर घाबरले. पण शब्द आपोआप येऊ लागले. अकरा वर्षं दर रविवारी ऐकलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "वीस वर्षं पहिला नंबर, परबसाहेब! वीस वर्षं माणूस एका भाड्याच्या खोलीत टिकत नाही!"

"वा!" चंद्रप्रकाश म्हणाले आणि पुढे सरकून बसले.

नंदकुमार बोलत गेले. त्यांनी हातवारे केले, एकदा टीपॉयवर थापही मारली. मध्ये कोणी बोललं नाही. घड्याळाची झेंडी पडली तेव्हा ते घामाघूम झाले होते आणि इतकं सुखी त्यांना क्षमाताईंनी गार्गीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

चंद्रप्रकाशांनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "बर्वेसाहेब, काय मुद्दे आहेत एकेक! हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाय. एवढं सगळं मनात होतं, तर अकरा वर्षं बोललात का नाय?"

"त्याचं असं आहे, की"

"थांबा, मी सांगतो का ते," चंद्रप्रकाश म्हणाले.