देवघरे काकांचं मत

तुम्ही कुणाला मत देणार, हे देवघरे काका तुमच्या आधी सांगतात. मागच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. अविनाश, माझा नवरा, स्कूटर पुसत होता. काका दोन-तीन मिनिटं नुसते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "या खेपेला बदललं तुम्ही." एवढंच बोलून चालू लागले. अविनाश हातात फडकं धरून तसाच उभा. त्याने खरंच बदललं होतं, आणि ते त्याने मलाही सांगितलं नव्हतं.

आम्ही भोपाळला, बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. काका नागपूरकडचे. कारखान्यात तीस वर्षं ओतीव लोखंडाच्या तपासणीवर होते. हातोडीने ठोकायचं, कान लावायचा, आत चीर आहे का ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, तेव्हा रस्त्यापलीकडेच छोटंसं घर घेतलं. लोखंड संपलं आणि नुसती माणसं उरली.

"माणूस सांगतो एक, वाजतो दुसरा," हे त्यांचं पालुपद. लोक वरवर हसायचे, पण मतदानाच्या दिवसांत काका गल्लीत शिरले की बायका वाळत घालायचे कपडे बादलीत टाकून घरात जायच्या. शेजारच्या सक्सेना आंटी तर मला कुंपणावरून सांगायच्या, "अंकल आ रहे हैं, मन में कुछ मत सोचना."

अमेरिकेत बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभी होती, तेव्हा काका आमच्याकडे टीव्ही बघायला बसले होते. निकालाला अजून अवकाश होता. काका म्हणाले, "पडली."

"आपल्याकडे झाल्या की बाई राष्ट्रपती," अविनाश म्हणाला.

"राष्ट्रपतीला मतं आमदार-खासदारांची, जी. पक्ष सांगेल तसं. अमेरिकेत एकेक माणूस पडद्यामागे एकटा जातो. बाई दारापर्यंत येते, आणि मग तिचंच कुणीतरी माणूस आत जाऊन दार लावून घेतं."

हे ते टीव्हीकडे बघून बोलत नव्हते. भिंतीकडे बघून बोलत होते. मी चहा ठेवायला उठले.

त्यानंतरच्या वर्षी मी स्वतःच उभी राहिले. अमेरिकेत नव्हे, आमच्या मराठी मंडळात. मंडळाला कधीच बाई अध्यक्ष मिळाली नव्हती. एकदाच कुणीतरी उभी राहिली होती, असं उडत उडत कानावर होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपतीचा प्रसाद, नाटकाची तालीम, सगळं बायकांकडे. खुर्ची मात्र पुरुषाची. माझ्याविरुद्ध पराडकर वकील होते, जे तीन वेळा अध्यक्ष झाले होते आणि भाषणात प्रत्येक वेळी 'मातृशक्ती' म्हणायचे.

अर्ज भरला आणि मी काकांकडे गेले. खरं तर त्यांच्या घरी कुणी हौसेने जात नसे. मालतीकाकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत काका, आणि आतल्या खोलीचं दार नेहमी अर्धं उघडं. आत दिवा नसायचा. काका बोलता बोलता मध्येच थांबायचे, आतल्या दाराकडे मान कलती करायचे आणि वाट बघायचे, जणू कुणी उत्तर देणार आहे. मग "नाही" म्हणून पुढचं वाक्य सुरू करायचे. अविनाश एकदा विजेचं बिल द्यायला गेला होता. हे बघून तो चपला तिथेच सोडून घरी आला. त्या मला आणाव्या लागल्या.

काकांनी माझं ऐकून घेतलं. "चार दिवस द्या, सूनबाई," म्हणाले.

चार दिवस ते काठी टेकत घरोघर फिरले. कुणाला काही विचारलं नाही. नुसतं बसायचं, पाणी प्यायचं, बघायचं, उठायचं. पाचव्या दिवशी बागेतल्या बाकावर सगळ्यांदेखत त्यांनी सांगून टाकलं, "एकसष्ट मतं. पराडकर एकतीस, सूनबाई तीस."

पराडकरांनी त्याच संध्याकाळी फुलवाल्याकडे हार सांगून ठेवला.

मला झोंबलं ते वेगळंच. बायका निम्म्याहून जास्त होत्या. मी एकेकीकडे गेले. जोशीबाई म्हणाल्या, "अगं, तू अध्यक्ष झालीस तर शिरा कोण करणार?" माझ्या ऑफिसातली तरुण मैत्रीण म्हणाली, "ताई, मतलब मी तुम्हालाच देणार, पण यांना सांगू नका." तिसाच्या वर आकडा सरकेना. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा काकांकडे गेले.

"काका, एकच मत हवंय. कुणाचं फिरू शकेल ते सांगा. मी पाया पडते त्यांच्या."

काकांनी आतल्या दाराकडे मान वळवली, बराच वेळ तशीच ठेवली.

"माझं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"एकतिसावं मत माझं आहे. मी पराडकरांना देऊन राहिलो."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"मालती उभी होती मंडळात," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली. मी सेक्शनमध्ये सगळ्यांना सांगून बसलो होतो, ती एका मताने पडते. हिशोबात माझं मत तिला आणि आणखी एका माणसाचं तिच्याविरुद्ध धरलं होतं. त्या माणसाने ऐन वेळी तिला दिलं. पडद्याआड गेलो तेव्हा ते मला माहीत होतं. मी तिला दिलं असतं तर ती एका मताने आली असती आणि माझं बोलणं खोटं पडलं असतं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी माझं बोलणं राखलं."

"काकूंना कळलं?"

"घरी आली, स्वयंपाक केला. मला वाढताना म्हणाली, 'तुमचा आकडा किती बरोबर येतो.' बस. भांडली नाही. त्या दिवसापासून मला काही सांगणं बंद केलं. भाजी काय आणू, पाय दुखतो, काही नाही. विचारलं की 'ठीक आहे' म्हणायची. पोटात दुखत होतं ते वर्षभर बोलली नाही. मी लोखंडातली चीर ऐकणारा माणूस, सूनबाई. शेजारी झोपत होती, मला ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "मग आता तरी बाईला द्या."

"तुम्हाला दिलं तर ती विचारेल ना? परकीला देता आलं, मला का नाही दिलं?"

"विचारतील की. रागावतीलसुद्धा."

काका माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मला उठून बाहेर जावंसं वाटलं आणि जाववलंही नाही.

"रागावेल," ते हळू म्हणाले. "म्हणजे बोलेल."

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. शाळेच्या वर्गात पडदा लावला होता. काका त्यामागे इतका वेळ थांबले, की निवडणूक अधिकाऱ्याने दोनदा खाकरून पाहिलं. संध्याकाळी मोजणी झाली. माझी एकतीस, पराडकरांची तीस. पराडकरांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी तेवढीच. कुणीतरी म्हणालं, "काका, या वेळी गणित फसलं." काका हसले. गर्दीतून वाट काढत ते घाईघाईने घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांना घरी जायची घाई मी पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी पेढे घेऊन गेले. दार उघडंच होतं. काका आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खाली बसले होते. रात्रभर तिथेच असावेत, अंगावर कालचाच सदरा होता.

"बोलल्या?" मी विचारलं. असा प्रश्न आपण विचारतोय, याचं मला नवल वाटलं नाही.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. "माझ्याशी नाही बोलायची ती. तुम्ही सांगून बघा. बाईच्या तोंडून ऐकेल."

मी उंबऱ्याशी बसले. आत एक पलंग, त्यावर घडी न मोडलेली चादर, बाकी अंधार. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. तरी मी सांगायला लागले. जोशीबाई काय म्हणाल्या, पराडकरांनी हार कसा आधीच आणला, तो मग मंडळाच्या गणपतीला कसा गेला. माझा आवाज खोलीत जात होता आणि परत येत नव्हता. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "आणि काकू, एकतिसावं मत काकांचं होतं. त्यांनी बाईला दिलं."

आतला पंखा बंद होता, खिडकी बंद होती. तरी चादरीचं टोक हललं की काय, ते मला शपथेवर सांगता येणार नाही. एवढं खरं, की खोली एकदम कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी झाली.

काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांबू नका, सूनबाई," ते म्हणाले. "ऐकून राहिली."